मंगलची दुभाषी

मंगल, तुझ्यावर चिडूनच मी त्या दुपारी दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलच्या वॉर्डातून बाहेर पडले होते, आणि खरं सांगू का, अजून चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे. तुझ्याशी गोड बोलायची सवय मला वीसेक वर्षांत लागली नाही, ती आता पंधरवड्यात कुठून लागणार?

भांडण अर्धवट टाकून निघून जाणं ही तुझी जुनी खोड. जरा कुठं मी मुद्द्यावर आले की तू उठायचीस, ओढणी झटकायचीस आणि "चलो ताई, मुली वाट बघत असतील," म्हणत चपला घालायचीस. या वेळी उठायची ताकद नव्हती, तर डोळेच मिटून घेतलेस. मी म्हटलं, "झोपेचं सोंग नकोय. उद्या येते, उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी मेतकूट-भाताचा डबा मांडीवर घेऊन मी मेट्रोत बसले होते, तेव्हा माझ्या लेकीचा, मुक्ताचा फोन आला. तो डबा नंतर कुणी उघडला, कुणी धुतला, मला आठवत नाही.

त्या दवाखान्याच्या नावाचं तुला फार कौतुक होतं. "हिंदूराव म्हणजे आपलाच की माणूस, ताई! इतक्या लांब येऊन टेकडीवर घर केलं त्यानं. नाव मराठी, सिस्टर केरळच्या आणि खिडकीतली माकडं अस्सल दिल्लीची." किडन्यांनी हात टेकले होते, पाय सुजून जड झाले होते, पण जीभ काही सुजली नव्हती. शेजारच्या कॉटवरची म्हातारी तुझं बोलणं कळत नसताना हसायची. मला मात्र बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन डोळे पुसावे लागायचे.

आपली ओळख झाली ती माझ्या नोकरीमुळे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या राज्याच्या अतिथिगृहात मी रिसेप्शनवर होते. आमदारांना तोंडावर "खोली नाही" सांगणारी बाई, अशी माझी ख्याती. एके सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला. एक इन्स्पेक्टर मॅडम बोलत होत्या, "आपके यहाँ कोई मराठी लेडी है? एक लड़की है, हिंदी बिल्कुल नहीं समझती." साहेबांना सांगून मी रिक्षा केली. स्टेशनाजवळच्या त्या रस्त्यावरच्या कोठ्यावरून सोडवून आणलेली मुलगी आहे, एवढंच कळलं होतं. आमच्या घरात त्या रस्त्याचं नावसुद्धा कुणी मोठ्यानं घेत नसे. वाटेत मी स्वतःलाच बोल लावत होते, कुठं या भानगडीत पडले म्हणून.

तू बाकावर पाय वर घेऊन बसली होतीस. विशीतली पोर, कुणाचा तरी मोठा स्वेटर घातलेला. मी काही विचारायच्या आत तूच मला विचारलंस, "तुमी कुठल्या?" मी म्हटलं, "पुण्याची." तू मला खालपासून वरपर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, "चालंल." जसं काही मुलाखत माझी होती!

तुला हिंदी येत होतं, हे मला पुढे आठवड्यानं कळलं. कोठ्यावर दोन वर्षं काढलेल्या मुलीला हिंदी येत नाही, यावर पोलिसांचा विश्वास बसला कसा, देव जाणे. मी तुला झापलं, "मग मला कशाला धावडवलंस?" तू म्हणालीस, "हिंदी गिऱ्हाइकांची होती, ताई. माझं खरं मला त्या भाषेत सांगायचं नव्हतं." आयुष्यात फार थोड्यांनी मला गप्प बसवलंय.

त्या पहिल्या दिवशी मी आपली "वो कहती है कि" असं सुरू केलं. इन्स्पेक्टर मॅडमनी लगेच हात वर केला. "मैडम, 'वो कहती है' मत कीजिए. जो वो बोले, सीधा वही बोलिए. 'मैं' करके. और बीच में अपना कुछ मत डालिए." दुभाष्याचं काम असंच असतं, हे मला कुठं माहीत होतं? मग तू बोलायला लागलीस आणि तुझ्या मागून मी. चार पोलीस, एक पंखा, आणि मी, सरकारी क्वार्टरमधली, पोरगी शाळेत सोडून आलेली बाई, मोठ्यानं म्हणत होते, "मुझे मेरी माँ ने बेचा."

माझा आवाज तिथं फाटला. तुझा नाही फाटला.

तू सांगितलंस की आई सोलापुरात विड्या वळायची, बाप नव्हता, पाठीवर एक धाकटी बहीण, वैशी. ओळखीची एक बाई दिल्लीत घरकामाला मुली न्यायची. आई स्वतः तुला स्टेशनावर सोडायला आली. मॅडमनी विचारलं, "माँ को पता था कि कहाँ भेज रही है?" मी मराठीत विचारलं. तू आपल्या मनगटांकडे पाहिलंस. म्हणालीस, "गाडी हलायच्या आधी तिनं माझ्या हातातल्या चांदीच्या बांगड्या काढून घेतल्या. म्हणली, ऱ्हाऊ दे, वैशीला होतील मोठेपणी. कामाला गेलेली पोर माघारी येती, ताई. तिच्या बांगड्या कोण काढून घेतं?" मी हे सगळं हिंदीत म्हटलं. "मेरे हाथ की चूड़ियाँ उतार लीं." म्हणताना माझ्या हातातल्या बांगड्या मला जड झाल्या, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

हे सगळं तोंडीच चाललं होतं. बयान लिहून घ्यायचं होतं दुसऱ्या दिवशी, मॅजिस्ट्रेटपुढे. तिथं मला शपथ दिली, जे ऐकेन तेच सांगेन म्हणून. आणि तू काय सांगितलंस? "सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत एक अनोळखी माणूस भेटला. त्यानं नोकरीचं सांगून आणलं. नाव ठाऊक नाही." मी तुझ्याकडे बघतच राहिले. तू भिंतीकडे बघत होतीस. शपथ घेतलेली, काय करणार? म्हटलं आपलं, "मेले में एक अनजान आदमी मिला." इन्स्पेक्टर मॅडम बाहेर आल्यावर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हर लड़की यही करती है. घरवालों का नाम पी जाती है."

तू मात्र काहीच पिऊन टाकलं नव्हतंस, हे मला नंतर समजलं. तुला ठेवलं होतं त्या निवारागृहातून तू एकच फोन करायची परवानगी मागितलीस. मी शेजारीच उभी होते. तू शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बोलावून घेतलंस. रडली नाहीस, शिव्या दिल्या नाहीस. म्हणालीस, "तुजं नाव घेतलं न्हाई म्या. वैशीला साळंत घाल. ज्या दिवशी तिला साळंतनं काढशील, त्या दिवशी घेईन." आणि फोन ठेवलास. वैशाली तेव्हा सहा-सात वर्षांची, माझ्या मुक्ताएवढी.

काय बाई होतीस गं तू! वीस वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं? दर महिन्याला तोच फोन. वैशीचा अभ्यास, वैशीचे केस, वैशीला ताप तर नाही ना? आईला "कशी आहेस" म्हणून एकदाही विचारलं नाहीस. मी म्हणायचे, अगं, मोकळी हो एकदाची, सांगून टाक, त्या तुझ्या आईला शिक्षा होऊ दे. तू हसायचीस. "झाकली मूठ आहे, ताई. उघडली की काय उरलं? आई आत जाईल आणि वैशीला कोण घेऊन जाईल, माहितीये का तुम्हाला? मुली दिल्लीला नेणारी तीच बाई."

आपलं भांडण ते इथून सुरू झालं, आणि वीसेक वर्षं चाललं.

बाकी कुणाला तू सोडलं नाहीस. कोठ्याच्या मालकिणीवरचा खटला उभा राहिला तेव्हा तिच्या वकिलानं विचारलं, "आप तो अपनी मर्ज़ी से वहाँ रहती थीं?" मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर तू हातानं मला थांबवलंस आणि सगळ्या कोर्टासमोर पहिल्यांदा हिंदीत बोललीस. "वकील साहब, मर्ज़ी होती तो ताला बाहर से क्यों लगता?" जज मॅडमनी मान वर केली. माझी तर छातीच फुगली. मालकिणीला शिक्षा झाली त्या दिवशी तू पेढे नाही वाटलेस, भाजीवाल्याकडून शेपूची जुडी घेऊन माझ्या घरी आलीस आणि म्हणालीस, "भाकरी करते. कोठ्यावर गेल्यापासून माझ्या हातची खाल्ली नाही मी."

मग तू निवारागृह चालवणाऱ्या संस्थेतच कामाला लागलीस. पोलिसांबरोबर छाप्याला जायला लागलीस, त्याच रस्त्यावर, त्याच जिन्यांवरून. मी म्हटलं, "वेड लागलंय का? ओळखतील तुला." तू म्हणालीस, "ओळखू देत की. मी पण ओळखते त्यांना." मुली कुठं लपवतात हे पोलिसांना कळत नसे, तुला कळे. माळ्यावर पाण्याच्या टाकीमागं फळ्या ठोकलेल्या असत. तू त्या फळीला कान लावून सोलापूरच्या गल्लीत खेळताना शिकलेल्या तेलुगूत हळूच काहीतरी बोलायचीस, नाहीतर कानडीत. आतून हुंदका आला की पोलिसांना म्हणायचीस, "तोड़िए." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला अभिमान वाटला, तो मी अर्थातच दाखवला नाही.

एकदा निवारागृहाच्या फाटकापाशी एक माणूस रोज येऊन उभा राहायला लागला. बोलायचा नाही, नुसता उभा. सगळ्या घाबरल्या. तू एके दिवशी चहाचा ग्लास घेऊन बाहेर गेलीस, त्याच्या हातात दिलास आणि विचारलंस, "भैया, माँ है? नाम क्या है उनका?" त्यानं चहा अर्धा ठेवला आणि गेला, तो परत दिसला नाही. मी तुला रागावले, काही भोसकाबिसकलं असतं तर? तू म्हणालीस, "आईचं नाव विचारलं की माणूस गांगरतो, ताई. मला अनुभव आहे."

नव्या मुलींची दुभाषी आता तू झालीस. पहिल्याच दिवशी मला फोन करून सांगितलंस, "मैं करकेच बोलले. बीच में अपना काही घातलं नाही." माझीच विद्या! पण तुला ती माझ्यापेक्षा जास्त जमली. मी मुलींचं ऐकून घरी येऊन हमसाहमशी रडणारी बाई. तू त्यांचं बोलून झालं की त्यांच्या केसांना तेल लावायला बसायचीस.

आणि माझं काय? हे गेले त्या आठवड्यात घरात माणसांची रीघ लागली होती. ऑफिसातली, कॉलनीतली, मंडळातली. प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायचं, दुखायला कधी लागलं, अॅम्ब्युलन्स कधी आली. मला शब्द सुचेनासे झाले होते. तू दारात खुर्ची टाकून बसलीस आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंस, "ताई म्हणतात, तुम्ही आलात, बरं वाटलं. ताई म्हणतात, आता झोपू दे." मी काहीच म्हणत नव्हते. मधे आपलं घालायचं नाही, हा नियम तू त्या दिवशी मोडलास, माझ्यासाठी. मंगल, मी तुला त्याबद्दल कधी साधं "थँक यू"सुद्धा म्हटलं नाही. पुणेरी तोंड, दुसरं काय!

वैशाली शिकली. बारावी झाली, मैदानावर धावायला लागली, आणि पोलिसात भरती झाली. तिचा पहिला फोटो आला वर्दीतला, तो तू मला, मुक्ताला, वॉचमनला, भाजीवाल्याला, सगळ्यांना दाखवलास. मग एका रविवारी माझ्या घरी बसून तुम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर बोलत होतात. वैशालीनं केस मागे सारायला हात वर केला आणि तिच्या मनगटात त्या बांगड्या दिसल्या. चांदीच्या, जुन्या घडणीच्या. मी तुझ्याकडे पाहिलं. तू बोलत राहिलीस. तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, आता मी पोलीस आहे. तुला जत्रेतून नेणाऱ्या त्या माणसाला मी शोधणार. तू फक्त आठव, कसा दिसायचा." तू म्हणालीस, "अगं, किती वर्षं झाली, कुठं आठवतंय!" फोन ठेवल्यावर तू ओढणीनं त्याची काच पुसलीस. मग म्हणालीस, "छान दिसतात तिला."

मी तेव्हाच तुला म्हटलं होतं, आता काय अडचण आहे? पोरगी पायावर उभी राहिली, मूठ झाकायचं कारण संपलं. तू उलट आणखी घट्ट झालीस. "आता तर मुळीच नाही. तेव्हा मी बोलले असते तर आई आत गेली असती. आता बोलले तर वैशी आतून मोडून जाईल. ज्या आईनं शिकवून पोलीस केलं, ती ही आई, हे कळल्यावर घरी कुठल्या तोंडानं जाईल ती? आपलेच दात, आपलेच ओठ, ताई."

त्यात भर म्हणून माझ्या मुक्तानं हे मालिकेचं प्रकरण काढलं. नोएडाच्या तिच्या ऑफिसात क्राइम ड्रामा करतात, खऱ्या माणसांच्या आयुष्यावर. तुझ्यावर करायचं तिच्या मनानं घेतलं. मी विरोध केला, तू लगेच हो म्हणालीस! अट एकच घातलीस, रडतानाचा सीन नको. मुक्ता तुझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसायची. दिल्लीत वाढलेली पोर, तिला विड्या वळणं म्हणजे काय इथपासून सांगावं लागे, आणि तू हातानं हवेत तेंदूचं पान गुंडाळून दाखवायचीस. घरी आल्यावर ती कुरकुर करे, "आई, पहिला एपिसोड जमत नाहीये यार. जत्रेतला अनोळखी माणूस कोण मानणार? मंगलमावशी काहीतरी लपवतेय. तू तर पहिल्या दिवसापासून होतीस ना? तुला माहीत असणार." मी म्हणायचे, "मला डोंबल माहितीये. जेवून घे." पण जेवण मला जात नसे.

म्हणून त्या दुपारी मी हट्टालाच पेटले. सगळं मलाच ठाऊक, आणि तू चाललेली, ते मला दिसत होतं, मंगल. तू गेल्यावर हे घेऊन मी एकटीनं काय करायचं होतं? मी म्हटलं, "मला तरी मोकळं कर. वैशालीला सांगायची परवानगी दे." तू नाही म्हणून मान हलवलीस. मी म्हटलं, "मग तुझ्या आईला पोलीस पोरीच्या जिवावर सुखानं म्हातारी होऊ द्यायचं? तुझ्या वाट्याला हे, आणि तिच्या वाट्याला काहीच नाही?" तेव्हा तू माझा हात धरलास. तुझा हात गार होता. म्हणालीस, "तुम्ही मधल्या, ताई. मधल्या माणसानं आपलं घालायचं नाही." आणि डोळे मिटलेस.

माझं शिकवलेलं माझ्याच तोंडावर मारून गेलीस.

तुला खांदा तुझ्या मुलींनी दिला. ज्यांना तू फळ्यांमागून काढलंस, त्यांतल्या तिघी-चौघी लग्न होऊन लेकुरवाळ्या झाल्यात, त्याही आल्या होत्या. गुरुजी जरा चुळबुळले, बायका खांदा देणार म्हणून. माझं रिसेप्शनवरचं तोंड त्यांना दाखवावं लागलं, मग गप्प झाले. वैशालीला लगेच रजा मिळाली नाही. ती आली दिवसकार्याच्या आदल्या दिवशी, आणि सोबत तुझ्या आईला घेऊन आली.

नोएडाच्या माझ्या घरात तुझी आई. विचार कर. एवढीशी बाई गं, मंगल. मी इतकी वर्षं जिला मनातल्या मनात शिव्या घालत आले, ती ही? पदर डोक्यावरून ओढून सोफ्याच्या कडेला बसलेली, पाय जमिनीला पोचत नव्हते. बोटं अजून विडी वळल्यासारखी हलत होती. पिशवीतून तिनं कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. म्हणाली, "मंगीला लई आवडायची." मी डबा घेतला आणि ओट्यावर आपटला. तिला "मावशी" म्हणायला जीभ वळेना, "आई" तर नाहीच नाही. "अहो" वर भागवलं.

दिवस करून दुपारी आम्ही घरी आलो. मी, मुक्ता, वैशाली आणि ती. तुझा फोटो टीव्हीजवळ ठेवला होता, तोच, चहाचा ग्लास हातात घेऊन हसतानाचा. वैशाली बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली होती. मग माझ्याकडे वळली. तुझ्यासारखीच बसते ती, पाय वर घेऊन. म्हणाली, "काकू, ताईचा पहिला जबाब तुम्ही ऐकलाय. मला त्या माणसाचं नाव पाहिजे. वय, गाव, काहीही चालेल. ताई होती तोवर मी तिला जास्त छेडलं नाही. आता मला कोण अडवणार? मी त्याला सोडणार नाही."

मुक्ता दारात थांबली. तुझ्या आईची बोटं हलायची थांबली.

मंगल, खरं सांगते, जिभेच्या टोकावर आलं होतं. एक वाक्य होतं, तेच, जे मी त्या ठाण्यात तुझ्या वतीनं म्हटलं होतं. वीस वर्षं तोंडात धरलेलं. म्हटलं असतं तर कुणी मला दोष दिला नसता, आणि मुक्ताला तिचा पहिला एपिसोड मिळाला असता. आणि मग मॅजिस्ट्रेटपुढचं तुझं दुसरं वाक्य आठवलं, तेही तुझंच. दोन्ही मीच बोलले होते. यातलं कुठलं सांगू, हे तू मला कुठं सांगितलंस? तू एवढंच सांगितलंस की मधे आपलं घालायचं नाही.

वैशाली म्हणाली, "काकू?"

मी तुझ्या आईकडे पाहिलं. मनाशी ठरवून नाही, पण तिच्याकडेच पाहिलं, आणि म्हटलं, "मला कशाला विचारतेस, वैशाली? मी दुभाषी होते. पोलिसांना मराठी येत नव्हतं म्हणून बोलावलं होतं मला. इथं सगळ्यांना मराठी येतं. इथं माझं काम नाही."

आणि मी उठले, स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं, गॅस पेटवायचं विसरले. बाहेर नुसता पंख्याचा आवाज. वैशाली पोलीस आहे, मंगल, तू समजायचीस त्यापेक्षा हुशार. तिनं पुढं काही विचारलंच नाही. नुसती आईकडे वळून बसली असणार, कारण बऱ्याच वेळानं तुझ्या आईचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"ह्या बांगड्या तिच्या हातातल्या हायती. म्या काढून घेतल्या. ठेसनावर."

बांगड्यांचं तेच वाक्य, मंगल. तुझ्या तोंडून मराठीत, माझ्या तोंडून हिंदीत आलेलं, आणि आता जिचं होतं तिच्या तोंडून. त्या ठाण्यानंतर हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तूही नाही. तिला माहीत होतं, आणि तिला आठवत होतं, सगळी वर्षं.

वैशालीनं आरडाओरडा केला नाही. बांगड्या निघत नव्हत्या, तिचं मनगट तुझ्याहून रुंद आहे. ती सिंकपाशी माझ्याजवळ आली, साबण लावून एकेक काढली, पुसली. माझ्याकडे बघितलं नाही. मग बाहेर जाऊन तुझ्या फोटोपुढे ठेवल्या आणि पुन्हा आईसमोर बसली. मुक्तानं लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला आणि दार लावून घेतलं. तिला आज काही लिहायचं नव्हतं, हे न सांगता कळलं तिला. पोरगी तितकी वाईट नाही.

दोघी काल सोलापूरला परत गेल्या, एकाच गाडीनं. पुढं काय होईल मला माहीत नाही. वैशाली आईला ठाण्यात नेईल की घरी, ते तिचं तिनं ठरवायचं. जाताना तुझी आई माझ्या पाया पडायला वाकली, मी पाय मागे घेतले. तेवढं मात्र मला जमलं नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही. बांगड्या वैशाली इथंच ठेवून गेलीय, तुझ्या फोटोपाशी.

तू रागावली असशील. रागाव. उठून चपला घाल आणि "चलो ताई" म्हण, मला चालेल. पण एक ऐकून जा. नाव मी घेतलं नाही. मी मधे माझं काही घातलं नाही, मंगल.